अडॅप्टरच्या आवाजाची तक्रार

रात्री दिवे मालवल्यावर चार्जर बारीक आवाज करतो, ही तक्रार घेऊन दुकानाची पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाला आमच्या व्यवसायातील पुष्कळ मंडळी एक तर ‘सगळेच करतात’ असे सांगून वाटेला लावतात, नाही तर नवा अडॅप्टर त्याच्या गळ्यात मारतात. आणि हे दोन्ही जबाब तपासावाचून दिलेले असल्यामुळे आमच्या मते सारखेच गैर आहेत.

लोखंडी पत्र्यांच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचा मामला सरळ होता. चुंबकीकरणाने लोखंडाच्या लांबीत सूक्ष्म फरक पडतो, हे जूल या शास्त्रज्ञाने 1842 च्या सुमारास दाखवून दिले. प्रवाहाची दिशा कोणतीही असली तरी हा फरक तसाच पडत असल्यामुळे 50 हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर 100 हर्ट्‌झची खर्जातील गुणगुण उमटे. आजचा स्विचिंग अडॅप्टर भर लोडवर बहुधा 65 किलोहर्ट्‌झच्या आसपास किंवा त्याहून वर चालतो, आणि मनुष्याचा कान 20 किलोहर्ट्‌झपलीकडे बधिर असल्यामुळे त्याने वस्तुतः मुकेच असावयास हवे.

तो बोलतो याचे कारण काटकसर. लोड नसताना लहान अडॅप्टरने 0.1 वॅटहून अधिक वीज खाऊ नये, असा निर्बंध अमेरिकेत 2016 पासून अमलात आहे. असल्या मर्यादा पाळण्यासाठी कंट्रोलर आयसी हलक्या लोडवर अखंड स्पंदने देण्याऐवजी त्यांचे झुबके सोडतो व मध्ये विसावतो, आणि हे झुबके सेकंदाला काही शे किंवा काही हजार वेळा सुटू लागले की त्यांची वारंवारता नेमकी श्रवणाच्या टापूत येते. मग फेराइटचा कोअर, सैल वेटोळी आणि विशेषतः प्रायमरीच्या स्नबरमधील सिरॅमिक तबकडी, जिच्यातील बेरियम टायटनेट विद्युतदाबासरशी आकुंचन-प्रसरण पावते, ही सारी त्या ठेक्यावर थरथरतात. तबकडीच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा, तितकाच दाब सोसणारा व स्नबरला योग्य असा फिल्म कपॅसिटर बसवला, तर आवाज पुष्कळदा लक्षणीय उतरतो. कोअर सैल असल्यास वार्निश वा इपॉक्सी. (दुकानाच्या मालकाची साठी उलटली असेल, तर हा तपास हाताखालच्या पोरावर सोपवावा, 15 किलोहर्ट्‌झची शीळ त्यालाच ऐकू येईल.)

सबब हलक्या लोडवरचा मंद, स्थिर स्वर हा दोष मानण्याचे कारण नाही. परंतु ठराविक अंतराने टिक्‌टिक् होत असेल, तर आउटपुट शॉर्ट आहे किंवा आयसीला वीज पुरवणारा छोटा इलेक्ट्रोलिटिक सुकला आहे, असा संशय धरून आयसी वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होतो काय ते पाहावे. आणि चरचर ऐकू येऊन जळका वास आला, तर चर्चा न करता अडॅप्टर सॉकेटबाहेर काढावा.

आमची वाचकांस विनंती इतकीच, की जॉबकार्डावर आवाजाचा एक रकाना वाढवावा, त्यात बिनलोड, अर्ध्या लोडवर व पूर्ण लोडवर काय ऐकू आले ते नोंदवावे, आणि केस उघडण्यापूर्वी प्लग काढून, उघडताच 325 व्होल्टपर्यंत भरलेला मुख्य कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करण्यास कोणीही विसरू नये.