रंगीत चित्रावर किती विश्वास ठेवावा?

कंपासपेटीतील पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी बाहेर काढा. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, पट्टी पडद्यासमोर धरा आणि पोलरॉइड गॉगलमधून तिच्याकडे पाहा. आता गॉगल हळूहळू फिरवा. एका स्थितीत पडदा काळा होईल, पट्टीवर मात्र रंगीत पट्टे उमटतील. पट्टी किंचित वाकवा; पट्टे सरकू लागतील. (न वाकवताही थोडे रंग दिसतातच. साच्यात थंड होताना काही ताण पट्टीत अडकून राहिलेला असतो.)

हा प्रतिबलाचा नकाशा आहे. प्रतिबल म्हणजे पदार्थाच्या आत दर एकक क्षेत्रफळावर कार्य करणारे बल. ते एरवी डोळ्यांना दिसत नाही. परंतु ताणलेल्या काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून जाताना ध्रुवित प्रकाशाचे दोन घटक निरनिराळ्या वेगांनी जातात व त्यामुळे हे रंग निर्माण होतात. काचेचा हा गुण ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८१६च्या सुमारास दाखवून दिला. पुढे इंजिनियर मंडळी यारीच्या आकड्याची किंवा दातेरी चाकाची पारदर्शक प्रतिकृती करून, तिच्यावर भार टाकून, पट्टे मोजू लागली. आकार आणि भार तसाच ठेवला, तर सपाट भागातील प्रतिबलाची वाटणी पोलादात व प्लॅस्टिकमध्ये जवळजवळ सारखीच असते, म्हणून ही युक्ती चालते.

प्रत्यक्ष यंत्रावर मोजायचे असेल तर स्ट्रेन गेज चिकटवतात. ही धातूची अगदी बारीक, नागमोडी तार असते. यंत्राचा भाग ताणला की तारही ताणली जाते आणि तिचा रोध वाढतो. वाढ इतकी अल्प असते की ती टिपायला व्हीटस्टनचा सेतू लागतो. परीक्षेपुरता पाठ केलेला तो सेतू येथे कामाला येतो!

तिसरी पद्धत संगणकाची. यंत्रभागाचे हजारो लहान तुकडे कल्पून, प्रत्येकाची समीकरणे मांडून ती एकत्र सोडवायची. हिला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. उत्तर लाल-पिवळ्या-निळ्या रंगांत, मोठे देखणे येते. आमचा आक्षेप पद्धतीला नाही, त्या देखणेपणावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याला आहे.

नॉर्वेतील ‘स्लाइपनर ए’ची हकीकत ऐका. समुद्रातून नैसर्गिक वायू काढण्यासाठी बांधलेला हा काँक्रीटचा अवाढव्य तळ २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवला जात असताना त्याची एक भिंत फुटली आणि तो बुडाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. चौकशीत आढळले, की भिंती जेथे एकमेकींना मिळतात तेथे कल्पिलेले तुकडे फार मोठे व वेडेवाकडे होते. त्यामुळे तेथील कातर प्रतिबल सुमारे ४७ टक्क्यांनी कमी दिसले होते. त्या सांध्यात सळयाही अपुऱ्या पडल्या. नंतर बारकाईने गणित केले, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे पद्धत चोख होती, तिला विचारलेला प्रश्न ढोबळ होता.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती आहे. विद्यार्थ्याने संगणकावरचे रंगीत चित्र आणले, तर गुण देण्यापूर्वी त्याला विचारा: तुकडे निम्मे केल्यावर उत्तर बदलले का? ओळखीच्या उदाहरणावर पडताळा घेतला का? असे एक उदाहरण जर्मन इंजिनियर किर्श याने १८९८ मध्ये सोडवून ठेवले आहे. रुंद पत्र्याला लहानसे गोल भोक पाडून पत्रा ताणला, तर भोकाच्या दोन्ही बाजूंच्या काठांवर प्रतिबल सरासरीच्या तिप्पट होते. संगणक येथे दुप्पट म्हणत असेल, तर तुमचे तुकडे मोठे आहेत.

हे तिप्पट होणे वर्गातही पाहता येते. पारदर्शक प्लॅस्टिकची एक पट्टी मध्यभागी भोक पाडून, दुसरी तशीच ठेवून, दोन्ही त्याच पडद्यासमोर लांबीच्या दिशेने ओढा. भोकाच्या काठाशी पट्टे कसे दाटतात ते वहीत काढून घ्या, आणि संगणक त्यानंतर सुरू करा.