गुण आधी मुलाला कळू द्या



मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत मी गणित शिकवते. चाचणीचे पेपर तपासून झाले की गुण ऑनलाइन नोंदवहीत भरायचे, हा आता आमच्या नोकरीचाच भाग आहे. मी 'सेव्ह'चं बटण दाबलं की रुवीतल्या एखाद्या ऑफिसात, नाहीतर फहूदच्या तेलक्षेत्रावर पंधरवड्याच्या पाळीसाठी गेलेल्या एखाद्या बाबांच्या मोबाईलवर सूचना वाजते. शाळा दीडच्या सुमाराला सुटते. ज्या मुलाचे ते गुण आहेत तो तेव्हा बसमध्ये घामाघूम होऊन बसलेला असतो. तो घरी पोचेपर्यंत आईबाबांचं त्याच्याबद्दल फोनवर बोलून झालेलं असतं. दार उघडताना आईचा चेहरा पाहून त्याला निकाल कळतो.

मला या क्रमाबद्दल लिहायचं आहे. गुण आधी मुलाला कळावेत, त्याला ते घरी सांगायची संधी मिळावी आणि मग पालकांना दिसावेत, एवढीच माझी मागणी आहे. ती क्षुल्लक वाटेल. पण गेली काही वर्षं जे पाहते आहे त्यावरून ती क्षुल्लक नाही, असं माझं मत झालं आहे.

ऑनलाइन नोंदवहीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. पूर्वी पालकसभेला कोण यायचं? ज्याला सुट्टी मिळायची, ज्याच्याकडे गाडी होती आणि ज्याला शिक्षकांशी इंग्रजीत बोलायचा संकोच नव्हता तो. वर्कशॉपमधल्या फिटरला किंवा दुकानातल्या हिशेबनीसाला आपलं मूल बीजगणितात मागे पडतंय हे थेट वार्षिक निकालाला कळायचं. आता ते वेळेवर कळतं, आणि ही खरी प्रगती आहे. ओमानी मुलांचे गुणही त्यांच्या पालकांना शिक्षण मंत्रालयाच्या पोर्टलवर पाहता येतात. ज्या देशात १९७० साली तीन शाळा आणि जेमतेम नऊशे मुलगे शिकत होते, त्याने पन्नास वर्षांत इथवर यावं याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण कोणती माहिती पोचवायची, कधी आणि कुणाला, हे ठरवायला नको का?

आपलं प्रगतिपुस्तक आठवा. सहामाहीनंतर बाई ते हातात द्यायच्या आणि 'वडिलांची सही आणा' म्हणायच्या. शाळेपासून घरापर्यंत ते आपल्या दप्तरात असायचं. भूगोलात कमी पडले हे आधी आईला सांगायचं की जेवण झाल्यावर बाबांना, पेपर अवघड होता म्हणायचं की अभ्यासच केला नव्हता हे कबूल करायचं, याचा विचार त्या वाटेवर व्हायचा. कुणी खोटी सही करायचं, कुणी पुस्तक दोन दिवस लपवायचं, तेही खरंच. तरी बहुतेक मुलं सांगायची. वाईट बातमी आपल्या तोंडाने सांगायची सवय माणसाला अशीच लागते. ती वाट आता राहिलेली नाही. आपली मुलं लबाड होती म्हणून ती गेलेली नाही. ताबडतोब कळवणं संगणकाला सोपं असतं, म्हणून गेली.

आता नोंदवहीत काय दिसतं ते पाहू. सीबीएसईच्या दहावीला ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. या वीसातले ५ गुण नियतकालिक चाचण्यांचे. म्हणजे ४० गुणांच्या चाचणीत मुलीला २६ऐवजी ३० मिळाले असते, तर अंतिम निकालात फरक पडला असता अर्ध्या गुणाचा. चाचण्यांची सरासरी काढली तर त्याहूनही कमी. पालकाला मात्र लाल अक्षरातलं '६५ टक्के' दिसतं. भारांश कुणी वाचत नाही. शिवाय रिकामा रकाना आणि शून्य यांतला फरक. मूल तापाने गैरहजर असेल तर रकाना रिकामा राहायला हवा. काही ठिकाणी यंत्रणा तिथे शून्य धरते आणि सरासरी कोसळते. माझ्या पाहण्यातल्या एका मुलीने असं शून्य घरच्यांना समजावण्यात एक अख्खा शुक्रवार घालवला होता. ती गैरहजर होती हे तिच्या आईला माहीत होतं, औषध तिनेच दिलं होतं. तरी पडद्यावरचा आकडा खरा आणि मुलगी सबब सांगतेय, असं दोन तास चाललं!

हा धसका २०२१पासून वाढला, असं माझं निरीक्षण आहे. त्या वर्षी कोविडमुळे सीबीएसईने दहावी आणि बारावी, दोन्ही परीक्षा रद्द केल्या. बारावीचा निकाल दहावीच्या गुणांचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीतल्या शाळेच्या परीक्षांचे ४० टक्के धरून लावला. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पण सरावासाठी घेतलेल्या परीक्षेचा आकडा उद्या आयुष्याचा निकाल ठरू शकतो, हे पालकांच्या मनात तेव्हा कायमचं बसलं. त्याआधी २००९ ते २०१७ या काळात सीबीएसईने सातत्यपूर्ण मूल्यमापनाची पद्धत आणून गुणांऐवजी श्रेणी दिल्या होत्या. तेव्हाही पालक विचारायचे, "मॅडम, ए-वन ठीक आहे, पण मार्क किती?" त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण स्वतः गुणांच्या शिडीवरूनच इथवर आलो. शिडी हलताना दिसली की पोटात गोळा येणारच.

संशोधन काय सांगतं? दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि शेरे एकत्र दिल्यावर मात्र शेऱ्यांचा फायदा दिसेनासा झाला. दुसरा अभ्यास पीटर बर्गमन यांचा, लॉस एंजेलिसमधल्या गरीब वस्तीतल्या शाळेतला. मुलांचं कोणतं काम द्यायचं राहिलंय ते पालकांना वरचेवर कळवलं, तेव्हा मुलांची कामगिरी खरोखर सुधारली. म्हणजे पालकांना कळवणं उपयोगी आहेच. पण त्यांना कळवलेली गोष्ट होती 'अमुक प्रकरणाचं गृहकार्य बाकी आहे' ही. ती ऐकून संध्याकाळी काही करता येतं. '६५ टक्के' ऐकून काय करणार? ओरडणार.

आणि ओरडणार कोण, हेही बोलायला हवं. फॅमिली जॉइनिंग व्हिसावर आलेल्या कितीतरी मराठी बायका इंजिनिअर आहेत, सीए आहेत, पुण्यात चांगली नोकरी सोडून आलेल्या आहेत. इथे त्यांना मनाजोगं काम मिळत नाही. मग मुलाची नोंदवही हीच त्यांची नोकरी होते. सकाळी उठल्यावर एकदा, दुपारी एकदा, रात्री नवऱ्याचा फोन यायच्या आत एकदा बघायची. कारण फोनवर पहिला प्रश्न असतो, "विज्ञानात का कमी झाले?" तो प्रश्न मुलाला नसतो, तिला असतो. त्या रकान्यांत मुलाबरोबर आईचेही गुण भरले जातात. भरते मी, म्हणून ते मला दिसतं.

कायदा इथे फारसा कामाला येत नाही. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. ओमानमध्येही असा कायदा २०२२ साली झाला आणि तिथेही मुलाच्या वतीने बोलणारे पालकच. परक्या कंपन्यांपासून मुलांना वाचवायला हे ठीक आहे. डिसेंबर २०२४मध्ये पॉवरस्कूल या अमेरिकन कंपनीच्या यंत्रणेतून विद्यार्थ्यांची माहिती चोरीला गेली, तेव्हा हा धोका किती मोठा आहे ते दिसलंच. पण पाळत ठेवणारे आईबाबाच असतील तर त्यांच्याच संमतीचा काय उपयोग? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत मुलाचं मत ऐकण्याचा आणि त्याच्या खाजगीपणाचा हक्क मान्य केलेला आहे. भारताने ती १९९२ साली स्वीकारली, ओमानने १९९६ साली. सहावीतल्या मुलाला 'तुझे गुण घरी कधी दिसावेत' असं आपण कधी विचारलंय का?

वर्गात मी माझ्यापुरता एक मार्ग काढला आहे. तपासलेले पेपर मंगळवारी वाटते. चुका मुलांनी स्वतः दुरुस्त करायच्या आणि खाली एक ओळ लिहायची, 'मला काय जमलं नाही'. गुण नोंदवहीत चढतात ते गुरुवारी, बस गेल्यावर. दोन दिवस मुलाच्या हातात राहतात. काही पालकांनी तक्रार केली, "बाकीच्या विषयांचे लगेच दिसतात, गणिताचेच का नाही?" एका आईने मात्र सांगितलं, "मॅडम, यावेळी त्याने स्वतःहून सांगितलं. मला वाटलं त्यापेक्षा कमी होते, पण भांडण झालं नाही."

हे एकट्या शिक्षकाच्या मर्जीवर राहू नये. गुण ठरावीक दिवसांनी पालकांना दिसावेत, सूचना वाजू नये, गैरहजेरीचं शून्य होऊ नये, या गोष्टी शाळेने ठरवायच्या आणि पुरवठादाराकडे मागायच्या असतात. ओमानमधल्या भारतीय शाळांच्या बोर्ड ऑफ डायरेक्टर्सवर पालकांनी निवडून दिलेले सभासद असतात. निवडणुकीत फी आणि बस यांवर पुष्कळ बोललं जातं, ते योग्यच आहे. पुढच्या वेळी मत मागायला कुणी आलं तर त्यांना हेही विचारा. आणि जाण्याआधी घरातल्या मुलाला त्याचं मत विचारून जा.