मुळांकडे पाहायला शिकवा

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच कोसळला आणि राज्याच्या द्राक्षपट्ट्याला त्याने नेमके नको त्या वेळी गाठले. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीत पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. त्यासाठी वर लख्ख ऊन लागते आणि खाली मुळांना हवा लागते. ऊन आणणे कोणाच्या हातात नाही. पण पाऊस उघडल्यावर जमीन दोन दिवसांत वाफशावर येते की पंधरा दिवस चिबडलेलीच राहते, हे बऱ्याच अंशी त्या जमिनीला आजवर कसे वागवले यावर ठरते. आणि तेच शिकण्याची धड सोय व्यावसायिक बागायतदाराला आज नाही.

फळबागेचा जमिनीवरचा ताण हंगामी पिकापेक्षा वेगळा असतो. वेल एकदा लावला की वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. ट्रॅक्टर आणि ब्लोअर ओळींमधल्या त्याच चाकोऱ्यांतून फिरत राहतात. डाउनी रोगाच्या धास्तीने पावसानंतर लगेच फवारावे लागते, आणि ओली काळी माती चाकाखाली दबली की विटेसारखी बसते. ठिबकाखालच्या बोदात बोअरच्या पाण्यातले क्षार साचत जातात. दख्खनच्या अनेक जमिनींत चुनखडी मुबलक, सामू आठच्या वर. तिथे टाकलेला स्फुरद कॅल्शियमला जखडून बसतो आणि जमिनीत लोह असूनही पान पिवळे पडते. दुकानातून याला मिळणारे उत्तर म्हणजे आणखी एक पिशवी, आणखी एक ड्रम. वास्तविक मुळांभोवतीचे जिवाणू आणि बुरशी आम्ले सोडून हेच अडकलेले अन्न मोकळे करत असतात. त्यांना खायला कर्ब लागतो, आणि तो जिवंत मुळांतून, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून, शेणखतातून येतो. छाटलेल्या काड्या बांधावर पेटवून देणारी बाग ही साखळी स्वतःच तोडते.

२०१५ मध्ये केंद्राची मृद आरोग्य पत्रिका आली. नत्र, स्फुरद, पालाशपासून जस्त, बोरॉनपर्यंतची नऊ मूलद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे १२ घटक ती सांगते. उपयोगी आहे ती. पण पाणी किती वेगाने मुरते, ढेकूळ पाण्यात टिकते की विरघळते, फावडाभर मातीत गांडुळे किती, पांढरी मुळी किती खोल गेली, यातले काही तिच्यात नाही. हे पाहायला प्रयोगशाळाही लागत नाही. फावडे, काचेची बरणी, पत्र्याचे नळकांडे आणि घड्याळ पुरते. लागते ती शिकलेली नजर.

ही नजर कोण देणार? कृषी सेवा केंद्राच्या चालकांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने ‘देसी’ हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम २००३ पासून चालवला आहे. तो हवाच होता. मात्र त्याच दुकानातून दर हंगामात लाखांची खरेदी करणाऱ्या बागायतदाराच्या वाट्याला येते ते दिवसभराचे चर्चासत्र, तेही पुष्कळदा एखाद्या उत्पादक कंपनीच्या मंडपात. विकणाऱ्याला वर्ष आणि पिकवणाऱ्याला दिवस, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

इथला बागायतदार शिकत नाही, असे कोणी म्हणू नये. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, तेव्हा तासगाव परिसरातले द्राक्ष उत्पादक पानाचे क्षेत्रफळ मोजत होते, निरीक्षणे टिपून एकमेकांना कळवत होते. ‘तास-ए-गणेश’ आणि ‘सोनाका’ हे वाण शेतकऱ्यांच्याच नजरेने हेरले. त्याहून अलीकडचे उदाहरण रासायनिक अंशांचे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि निर्यातदारांचे कंबरडे मोडले. त्यानंतर फवारणी आणि काढणी यांतले अंतर, मंजूर औषधांची यादी, प्लॉटची नोंदवही, हे सारे निर्यातक्षम बागांत अंगवळणी पडले. कारण ज्ञान, तपासणी आणि बाजार तिन्ही एकाच दिशेने ओढत होते. मातीबाबत असा जोर अजून कोणी लावलेलाच नाही.

शिक्षण कसे असावे, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. ते एका खरड छाटणीपासून पुढच्या खरड छाटणीपर्यंत चालावे आणि बागेतच व्हावे. प्रत्येकाने आपल्या प्लॉटमध्ये खड्डा घेऊन मुळे पाहावीत, घट्ट थर कुठे आहे ते शोधावे, तोच खड्डा वर्षाअखेर पुन्हा घ्यावा. ओळींमध्ये ताग, धैंचा किंवा मिश्र आच्छादन पीक केव्हा पेरायचे, फुलोऱ्याआधी केव्हा आडवे करायचे, काड्यांचा चुरा बोदावर किती जाड पसरायचा, पानदेठ परीक्षणाच्या आधारे खताची मात्रा किती हिंमतीने कमी करायची, हे तिथे ठरेल.

या विषयात श्रद्धेला जागा देऊ नये. बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत चालते, म्हणून ते मातीला निर्धोक ठरत नाही. त्यातले तांबे जमिनीत साठत जाते आणि गांडुळांना घातक ठरते. युरोपीय संघाने त्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. तसेच कर्बाचे. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साडेआठ-नऊ लाख किलो माती असते. तिचा कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर आठशे-नऊशे किलो कर्ब तिथे टिकून राहायला हवा, आणि टाकलेल्या पालापाचोळ्यातला बहुतांश कर्ब कुजताना हवेत निघून जातो. त्यामुळे एका बाटलीत वर्षभरात कर्ब दुप्पट करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवता येणे, हीदेखील या अभ्यासक्रमाची एक परीक्षा असावी.

कर्जावर उभ्या असलेल्या बागेत प्रयोग परवडत नाही, ही अडचण खरी आहे. एका चुकलेल्या हंगामात घर हादरते. म्हणून सुरुवात अर्ध्या एकरावर व्हावी, शेजारच्या नेहमीच्या ओळींशी खर्च, उत्पादन आणि मण्याची प्रत ताडून पाहावी, आणि पहिल्या दोन वर्षांत घट आली तर तिचा काही भार शासनाने उचलावा. खतांच्या अनुदानावर केंद्र सरकार वर्षाला दीड लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च करते. खत कमी लागावे म्हणून शिकणाऱ्याला त्या तुलनेत लागणारी रक्कम नगण्य आहे.

मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, सोलापूरचे डाळिंब संशोधन केंद्र, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि द्राक्ष बागायतदार संघ यांनी एकत्र बसून असा अभ्यासक्रम आखावा. शिकवणाऱ्यांत निम्मे तरी मुरलेले बागायतदार असावेत, त्यांना मानधन असावे आणि कोणत्याही उत्पादकाचे प्रायोजकत्व नसावे. ज्या घरात पतीच्या नावावर सातबारा आणि बागेतली रोजची देखरेख पत्नीकडे, तिथे प्रवेश दोघांनाही मिळावा. पहिली तुकडी येत्या एप्रिलच्या खरड छाटणीआधी बसवायची तर आखणी, निधी आणि प्लॉटची निवड ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत पूर्ण व्हायला हवी.