एकानं हुकला!

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. गावाचं नाव देत नाही. यजमान खाजगी कंपनीत हिशेबनीस, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. पण दोन वर्षं रात्री मोबाईलवर रमी चालली होती. ती बंद पडली तर आता क्रिकेटवर पैसे लावतात. लाखाच्या वर गेले. त्या विचारतात, "ताई, दुसऱ्यांच्या पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस, त्याला एवढं कसं कळत नाही?"

कळतं हो. चांगलं कळतं. माझ्या अप्पांनाही कळत होतं.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. अप्पा गिरणीत साचेखात्यात होते आणि रोज मटका लावायचे. हल्लीच्या मुलींना मटका म्हटलं की कुल्फी आठवते, म्हणून थोडं सांगते. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे भाव मुंबईत तारेनं यायचे, त्यांवर लोक आकडे लावत. ते बंद झाल्यावर १९६२ साली वरळीला कल्याणजी भगत यांनी स्वतःच आकडा काढायला सुरुवात केली. १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. आधी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढत, म्हणून हे नाव. पुढे पत्ते आले. तीन पत्त्यांची बेरीज करायची, तिचा शेवटचा आकडा म्हणजे ‘ओपन’. काही तासांनी तसाच ‘क्लोज’. दोन्ही मिळून जोडी.

आता आपला स्वयंपाकघरातला हिशेब करू. आकडे दहा. एका आकड्यावर रुपया लावला आणि तो आला तर मिळायचे नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा देऊन नऊ परत. उरलेला रुपया गादीवाल्याचा, रोजचा, न चुकता. पाचवी पास आईनं हे अप्पांना कितीदा तरी करून दाखवलं होतं. अप्पा मान डोलवायचे, चहा संपवायचे आणि खाली उतरून चिठ्ठी लावून यायचे.

का? मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. १९७४-७५ साल. लहान मुलाच्या तोंडून निघालेला आकडा फळतो अशी तेव्हा समजूत होती. एके दिवशी अप्पांनी मला मांडीवर घेऊन विचारलं, "पोरी, एक आकडा सांग." मी म्हटलं सात. आणि लागला की सात! घरी जिलबी आली, मला लाल रिबिनी आल्या. पुढे कित्येक महिने मी रोज आकडा सांगत होते. लागला नाही की अप्पा काही बोलायचे नाहीत, पण मला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. गणपतीपुढे उभी राहून मी माफी मागायची. आईला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा अप्पांवर खरोखर ओरडली.

अप्पांची पक्की आठवण म्हणजे रात्रीची. ओपनचा आकडा जुळला की तो माणूस वेगळाच व्हायचा. क्लोजपर्यंतचे दोन-तीन तास गॅलरीत येरझाऱ्या, शेजाऱ्यांशी थट्टा, आईला म्हणे या दिवाळीला पैठणीच घेऊ. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी विचारत नव्हतं. तेवढे दोन तास त्याचं नशीब उघडं असायचं. मला तर वाटतं अप्पा त्या दोन तासांचेच पैसे मोजत होते. मग क्लोज यायचा. सत्तावन्न लावलेले असायचे, यायचे अठ्ठावन्न. "एकानं हुकला गं!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! आता सांगा, अठ्ठावन्न आले काय नि बावन्न आले काय, पैसे सारखेच बुडाले. पण बावन्न आले असते तर अप्पा निमूट झोपले असते. अठ्ठावन्न आले की दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचे.

मानसशास्त्रवाल्यांनीही हेच पाहिलं आहे. अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल, कधी नाही, याचा नेम ठेवला नाही, तर पाखरू चोच मारतच राहतं. आज मोबाईलवर फरक एवढाच की गॅलरीतले दोन तास दोन मिनिटांवर आले.

आणखी एक. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार बंद. वाटलं, आता तरी मटका सुटेल. उलट वाढला! पगार होता तेव्हा रुपया लावणारा माणूस उसने घेऊन दोन लावायला लागला. कारण बाकी कुठूनच काही यायची आशा राहिली नव्हती. आईनं खाणावळ घातली, आणि इथं तिची चूक झाली, हे मी आज तिच्या माघारी लिहिते आहे. ती अप्पांची देणी गुपचूप फेडत राहिली. पाटल्या गेल्या, तांब्याचा हंडा गेला. अप्पांच्या मनानं एवढंच घेतलं की काहीतरी होतं आणि निभावतं. म्हणजे नशीब आहेच की!

तेव्हा भगिनी, गुपचूप काही फेडू नका. दागिना गहाण टाकू नका, माहेरून आणू नका. देण्याची यादी दोघांनी मिळून कागदावर लिहा आणि त्यांच्याच पगारातून हप्त्यानं फेडू द्या. पगाराचा दिवस आला की वाणी, दूध, फी, वीजबिल आधी तुमच्या हातानं जाऊ दे. बँकेच्या पासबुकात शंभर-दोनशेच्या बारीक नोंदी बघा, मोठी रक्कम सहसा दिसत नाही. सामना चालू असताना मात्र वाद घालू नका, तेव्हा कानात काही शिरत नाही. सकाळी शांतपणे विचारा, "काल किती थोडक्यात गेलं?" एकदा माणूस त्यावर बोलायला लागला की पुष्कळ बाहेर येतं.

आणि याला वाईट वळण म्हणून सोडू नका. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जुगाराची ही सवय व्यसनांच्या गटातच धरतात. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून मदत मागायला भिऊ नका. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ते तयार नसले तर आधी तुम्ही एकट्या बोला.

मुलांना यात ओढलं आहे का, तेवढं मात्र मला उलट टपालानं कळवा. नाव घालू नका, गावाचा शिक्का पुरे.