बैलाची सुई



ऐन डवरणीत बैल लंगडला की आमचा धीर सुटतो. दुखण्यावरची सुई दिली की झालं. सुईत काय भरलंय, ते आम्ही विचारत नाही.

डायक्लोफेनॅक टोचलेलं जनावर एक-दोन दिवसांत मेलं, तर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. हे कारण २००४ साली उघड झालं. तोवर गावाबाहेर ढोरं टाकतो तिथलं आभाळ रिकामं झालं होतं; आता तिथं कुत्री माजलीत. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी हे औषध बनवणं बंद केलं, तर माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात आल्या. म्हणून २०१५ साली तीही ३ मिलीच्या एका मात्रेवर आणली. २०२३ साली केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झालं.

मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. तेच मागा, मात्रा डॉक्टरांनी बैलाच्या वजनावर ठरवावी. आणि कळ दबली म्हणजे पाय बरा झाला असं नव्हे, लगेच जुंपू नका.

बंदीचे कागद निघतात. पण दवाखान्यात ही बाटलीच नसेल, तर दोष शेतकऱ्याच्या माथी का? प्रत्येक सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मेलॉक्सिकॅम बारमाही ठेवा, ही आमची मागणी आहे.