दमतो कोण?

लांबची शर्यत संपली की धावपटूचे पाय उचलता उचलत नाहीत. पण दमलेले असते कोण, स्नायू की त्याला हुकूम देणारा मेंदू?

२००९ साली माँ ब्लाँ पर्वताभोवतीच्या १६६ किलोमीटरच्या शर्यतीत संशोधकांनी २२ धावपटूंवर हेच तपासले. तपासणीची रीत विलक्षण आहे. धावपटूला खुर्चीत पट्ट्याने बांधून पाय सरळ करण्यासाठी सारा जोर लावायला सांगतात आणि ऐन जोरात असताना मांडीच्या नसेला विजेचा झटका देतात. झटक्याने जोर वाढला, तर स्नायूत ताकद शिल्लक होती, मेंदूची हाकच अपुरी पडत होती!

मांडीची ताकद सरासरी ३५ टक्के, पोटरीची ३९ टक्के घटलेली निघाली. त्यात मेंदू आणि स्नायू दोघांचाही वाटा होता. ही घट बरीचशी नऊ दिवसांत भरून आली आणि सोळाव्या दिवसापर्यंत ताकद पूर्ववत झाली.

स्वतःला नुसत्या वेळेच्या आकड्यावर जोखणाऱ्या आपल्या हौशी धावपटूंना हा हिशेब कुणी सांगत नाही, याची खंत वाटते. हिवाळ्यात दर रविवारी कुठे ना कुठे मॅरेथॉन असते. वाचकहो, पदक गळ्यात पडल्यावर लगेच पुढच्या शर्यतीत नाव नोंदवू नका. पायांना त्यांचे दिवस द्या.