दोरी फेकायला मे महिन्यातच शिका

सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या मे महिन्यात डबक्यांपुरत्या उरतात. आमची कुंडलिका तेव्हाही वाहते. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथून पुढे नदीत सुटतं आणि सकाळी त्याच पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. मी इथे गाईड आहे. या पाण्याचा आपण अर्धाच उपयोग करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पर्यटक लाइफ जॅकेट चढवतात आणि सूचना सुरू झाल्या की ‘चला ना आता’ म्हणतात. घाई धंदेवाल्यांनाही असते. पण काठावर ऐकलेलं प्रवाहात पडल्यावर आठवत नाही, ते अंगवळणीच पडावं लागतं. म्हणून पहिल्या संथ पाण्यात मी सगळ्यांना उतरवतो. उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसू द्या. वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की प्रवाह माणसाला पालथा पाडतो आणि डोकं वर काढू देत नाही. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

मग दोरी. पिशवीत भरलेली, तरंगणारी, 15-20 मीटर लांबीची. आधी जोरात हाक मारून वाहणाऱ्याची नजर आपल्याकडे वळवायची. मोकळं टोक मुठीत धरून पिशवी त्याच्या डोक्यापलीकडे फेकायची, म्हणजे दोरी अंगावर पडते. त्याने पाठ आपल्याकडे करून ती खांद्यावरून छातीशी धरायची. मनगटाला गुंडाळायची नाही. आपण लगेच खाली बसून पाय रोवायचे, कारण झटका जबर असतो. मग प्रवाहच त्याला वळवून काठाला लावतो. पहिली फेक बहुतेकांची आखूड पडते. थोड्या सरावाने शाळकरी मुलीही नेमकी फेकतात.

30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. काठावरच्या लोकांना त्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही. प्रत्येक वेळी दोरीने जीव वाचेलच, असं मी म्हणणार नाही. पण एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघंही जातात, हे दर पावसाळ्यात घडतं. ते नक्की टाळता येईल. पाण्यात न उतरता मदत करण्याचा दोरीइतका स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी, पोलीसपाटलांनी, महाविद्यालयांनी आपली पोरं मे महिन्यात कुंडलिकेवर पाठवावीत. तळ्यात पोहायला शिकलेल्यांना वाहत्या पाण्याचा जोर इथेच कळेल, तोही जॅकेट अंगात आणि गाईड शेजारी असताना. प्रत्येक धोक्याच्या पुलाजवळ आणि धबधब्याजवळ अशी एक पिशवी टांगलेली असावी, आणि ती फेकता येणारी चार माणसं गावात असावीत.

आणि तुम्ही राफ्टिंगला याल तेव्हा गाईडला सांगा, आधी दोरी आमच्या हातात द्या. तो टाळाटाळ करू लागला, तर त्याच्या राफ्टमध्ये बसू नका.